जीपचा पंखा काढू नका

कसारा स्टेशनबाहेर जीपगाड्या लागतात तिथे, खर्डी-आटगावच्या गॅरेजांत, तिकडे मुरबाडच्या नाक्यावरसुद्धा गेली काही वर्षं एक सल्ला छातीठोकपणे दिला जातो. गाडी घाटात तापते ना? मग इंजिनवरचा पंखा काढून टाक आणि इलेक्ट्रिक बसव. डिझेल वाचेल, गाडीची ओढ वाढेल, आणि काटा पुन्हा वर जायचा नाही. जुनी कमांडर, एमएम 540, ट्रॅक्स, कुठलीही गाडी असो, औषध एकच. हा सल्ला चुकीचा आहे. तो ऐकून खर्च करणारा माणूस बहुतेक वेळा हप्त्याने घेतलेल्या जुन्या गाडीवर घर चालवणारा असतो, आणि चूक कळते तेव्हा गाडीचं हेड उघडून बाकड्यावर पडलेलं असतं. म्हणून याला सविस्तर उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

समोरच्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. जुन्या गाडीचा पंखा इंजिनच्या पुलीवरून पट्ट्याने फिरतो, म्हणजे त्याचा वेग इंजिनच्या वेगाशी बांधलेला असतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट ओढली जाते, पण त्यासाठी ताकद लागते आठपट. आसनगाव ते पडघा अशा सरळ रस्त्यावर गाडी 70-80 च्या वेगाने चालली असताना वारा स्वतःच रेडिएटरमधून आरपार जातो. तेव्हा पंख्याची गरज नसते, तरी तो इंजिनची ताकद खात राहतो. उलट गाडी ट्रॅफिकमध्ये आयडलवर उभी असते तेव्हा वारा नसतो आणि पंखाही मंद फिरतो. इलेक्ट्रिक पंख्याला इंजिनच्या वेगाशी देणंघेणं नाही. पाणी तापलं की तो पूर्ण वेगाने फिरतो, थंड झालं की थांबतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, पण हौसेने ती सांभाळणारे अजून आहेत. अशा कुणी गाडीला एसी बसवला आणि ती दादर-सायनच्या गर्दीत चालवली, तर त्याने चांगला इलेक्ट्रिक पंखा जरूर बसवावा. त्याच्या गाडीचं दुखणं आणि त्याचा उपाय यांचा मेळ बसतो.

कसाऱ्याच्या जीपचं दुखणं वेगळं आहे. कसारा ते इगतपुरी हे अंतर फार नाही, पण तेवढ्यात जमीन सुमारे 300 मीटर वर जाते. रेल्वेने हाच घाट चढताना 1:37 चा चढ घेतला आहे, आणि त्यासाठी आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. रस्त्याने लतीफवाडी मागे पडली की जीप तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर येते आणि घाटनदेवीपर्यंत बराच वेळ तिथेच राहते. विहीगाववरून खोडाळ्याकडे जाणारा रस्ता घ्या किंवा मुरबाडवरून माळशेज, गत तीच. वेग 20 ते 30, ॲक्सिलरेटर जवळपास तळाला, आत माणसं दाटीवाटीने, टपावर गाठोडी. मे महिन्याची दुपार असेल तर बाहेर चाळिसाच्या आसपास तापमान. मागून वारा असला तर रेडिएटरला समोरचा वारा जवळपास मिळतच नाही.

आता हिशेब करू. डिझेल जळून जी उष्णता तयार होते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकाकडे जाणाऱ्या कामात जातो, तिसरा सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला इंजिनच्या पाण्यात उतरतो. जुन्या धाटणीच्या इंजिनांत पाण्यात जाणारा वाटा थोडा जास्तच. म्हणजे घाटात जीपचं इंजिन 30 किलोवॉट ताकद काढत असेल, आणि साठेक हॉर्सपॉवरच्या भरलेल्या जीपला उभ्या वळणावर एवढी लागते, तर जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर फेकायची असते. रेडिएटरमधून जाणारी हवा 30 अंशांनी तापते असं धरलं, तर दर सेकंदाला साधारण एक किलो हवा त्यातून गेली पाहिजे. एक किलो हवा म्हणजे मे महिन्यात जवळजवळ एक घनमीटर. दर सेकंदाला, वळणामागून वळण.

हे काम कोण करतं? घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन किती फिरतं ते पाहा. मीटर नसला तरी आवाजावरून कळतं. सपाट रस्त्यावर टॉप गिअरला असतं जवळपास तेवढ्याच जोरात. म्हणजे जिथे गाडी सावकाश आणि इंजिन जोरात अशी स्थिती येते, नेमक्या तिथेच पट्ट्यावरचा पंखा आपल्या पूर्ण ताकदीने हवा ओढत असतो. ज्यांनी या गाड्या आखल्या त्यांनी पंखा इंजिनला बांधला तो दुसरं काही सुचलं नाही म्हणून नव्हे. जास्त ओझं, जास्त फेरे, जास्त हवा, ही साखळी त्यांना हवी होती. तो पंखा त्या क्षणी इंजिनची दोन-तीन हॉर्सपॉवर खातो, हे मान्य. त्या बदल्यात तो जे देतो ते दुसरीकडून आणायचं असेल तर तेवढीच ताकद कुठून तरी मोजावी लागेल. हवा फुकट ढकलली जात नाही.

आणि त्या पंख्याच्या जागी बसतं काय? बाजारात जुना निघालेला एखाद्या लहान पेट्रोल गाडीचा पंखा. मारुती 800 चं इंजिन 796 सीसीचं, चाळिशीच्या आत हॉर्सपॉवर, आणि गाडी हलकी. तिच्या रेडिएटरच्या मापाचा पंखा तिच्यासाठी उत्तम. तोच पंखा अडीच टनाच्या भरलेल्या डिझेल जीपला लावायचा आणि वर म्हणायचं, कंपनीचा माल आहे, चालेल.

अशी एक गाडी मी खर्डीजवळ बॉनेट उघडून पाहिली आहे. इंजिनवरचा पंखा गेलेला. जागेवर काळा प्लास्टिकचा पंखा, आणि तो रेडिएटरला धरून ठेवला होता चार प्लास्टिकच्या पट्ट्यांनी, त्या जाळीतून थेट आरपार ओवलेल्या. जीप हलते तसा पंखा हलत होता, आणि एका कोपऱ्यात पट्टीने पत्र्याच्या पाकळ्या घासून पितळी नळी उघडी पाडली होती. नळीभोवती हिरवट ओल. भोवती श्राउड, म्हणजे पंख्याची ओढ पूर्ण रेडिएटरवर पसरवणारा पत्र्याचा घेर, नाही. गाडी गरम करून पंखा चालू केला आणि समोरून रेडिएटरवर वर्तमानपत्राचं एक पान धरलं. पंख्याच्या गोलासमोर पान घट्ट चिकटलं. हाताने चारी कोपऱ्यांकडे सरकवलं तर गळून खाली पडलं. रेडिएटरचा निम्म्याहून जास्त भाग नुसता उभा होता, त्यातून हवा जातच नव्हती. ज्याला शंका असेल त्याने आपल्या गाडीवर हा प्रयोग करावा. कागद समोरच्या बाजूने धरायचा, हात पात्यांपासून लांब ठेवायचा, सैल बाह्या आणि रुमाल आवरून घ्यायचे.

आता ट्रॅफिक जॅमचं. हा त्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा, आणि कसारा घाटात ट्रक आडवा झाला किंवा पावसात दरड आली की रांग किती लांबते हे इथल्या माणसाला सांगायला नको. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला आणि बोगद्यातून बऱ्याच गाड्या जाऊ लागल्या. पण स्टेशनवरून पाड्यावर आणि पाड्यावरून बाजाराला जाणारी जीप त्या बोगद्यात शिरत नाही. तिचा रस्ता जुनाच. तेव्हा जॅमचा मुद्दा टाळून चालणार नाही.

पण उभ्या गाडीत उष्णता तयार होते किती? आयडलवर डिझेल इंजिन तासाला लिटरभरसुद्धा पीत नाही. त्यातून पाण्यात जाणारी उष्णता घाट चढतानाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तेवढी उष्णता मंद फिरणारा पंखासुद्धा काढू शकतो, रेडिएटर मोकळा असेल आणि पंख्याभोवती श्राउड शाबूत असेल तर. तरीही आयडलवर पाणी उकळत असेल, तर पंख्याचा प्रकार हे त्याचं कारण नाही. गाडी आधीच आजारी आहे आणि जॅममध्ये तो आजार दिसतो, एवढंच. एक अवघड वेळ मात्र खरी आहे: जोरात चढून आलेली गाडी वळणावर एकदम थांबते तेव्हा इंजिनच्या लोखंडात साठलेली उष्णता पाण्यात उतरत राहते. त्यावरचा उपाय जुन्या ड्रायव्हरांना पाठ आहे. इंजिन लगेच बंद करायचं नाही, न्यूट्रलवर आणून दोन मिनिटं रेस थोडी वाढवून धरायची. पंखाही फिरतो आणि पाण्याचा पंपही. यातला पंप विसरू नका. इलेक्ट्रिक पंखा कितीही जोरात फिरला तरी आयडलवर पाणी तेवढ्याच मंद गतीने रेडिएटरपर्यंत येतं, कारण पंप इंजिनवरच आहे.

विजेचा हिशेब तर कुणी करतच नाही. जीपला पुरेल असा खरा ताकदवान इलेक्ट्रिक पंखा घ्या. तो 20 अँपिअरच्या पुढे ओढतो, आणि सुरू होतानाचा झटका त्याच्या दुप्पट-तिप्पट. जुन्या जीपच्या डायनामोवर 35 चा शिक्का असला तरी तो आकडा पूर्ण वेगाचा; आयडलवर त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळाले तरी नशीब. जुलैत कसारा घाटात भरदिवसा धुकं उतरतं. हेडलाइटला नऊ अँपिअर, वायपरला चार-पाच, मागचे दिवे, धोक्याचे दिवे. रांगेत उभं असताना त्यात पंख्याचे वीस घाला. बेरीज डायनामोच्या बाहेर जाते आणि उरलेलं बॅटरीतून निघतं. तासाभराने दिवे पिवळे पडतात, पंख्याचा आवाज उतरतो, आणि एकदा इंजिन बंद पडलं की सेल्फ लागत नाही. घाटाच्या वळणावर, धुक्यात, मागून कंटेनर येत असताना. ज्यांना हा धोका किरकोळ वाटतो त्यांनी एक पावसाळी संध्याकाळ त्या वळणावर उभं राहून पाहावी.

डायनामो मोठा घालता येतो, जाड वायर, रिले, योग्य फ्यूज, सेन्सर, सगळं रीतसर करता येतं. करणारे करतात. पण इथे जे बसवलं जातं त्यात सेन्सर नसतो. डॅशबोर्डला एक बटण असतं. म्हणजे इंजिन वाचणं न वाचणं ड्रायव्हरला बटण आठवण्यावर. भाडं घेता-देता, फोन वाजताना, पोरगं कुठे उतरणार ते विचारताना तो एक दिवस विसरणारच, आणि त्यात त्याचा दोष मी मानत नाही.

डिझेल वाचण्याचा दावाही तपासून पाहा. पंखा बंद ठेवून फायदा होतो तो सरळ रस्त्यावर सतत वेगाने चालणाऱ्या गाडीला. वीजसुद्धा डिझेलमधूनच येते. पट्टा डायनामो फिरवतो तेव्हा निम्म्याला निम्मी ताकद उष्णतेत जाते आणि पंख्याच्या मोटरमध्ये पुन्हा थोडी. स्टेशन ते पाडा, पाडा ते बाजार, थांबत थांबत, चढत उतरत चालणाऱ्या जीपला यातून काय वाचणार? आणि ज्याला सरळ रस्त्यावरची उधळपट्टी खरंच खुपते त्याच्यासाठी कित्येक वर्षांपासून बाजारात विस्कस फॅन आहे. पंख्याच्या हबमध्ये सिलिकॉनचं घट्ट तेल, पुढे दोन धातूंची गुंडाळी. रेडिएटरमधून येणारी हवा गार असली की हब घसरतो आणि पंखा आळसावतो; हवा तापली की गुंडाळी आतला झडपेचा रस्ता उघडते, तेल पसरतं आणि हब पंख्याला घट्ट धरतो. वायर नाही, फ्यूज नाही, बटण नाही. दोन्हीकडचा फायदा त्यात आहे. तो बिघडला की नाही हेही हाताने कळतं: गरम इंजिन बंद करून, चावी काढून, पंखा फिरवून पाहायचा. जड फिरला तर ठीक; मोकळा गरगर फिरला तर तेल गेलं.

नव्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रिकच पंखा येतो, मग जुन्यांना का नको, असं तरुण मेकॅनिक विचारतात. प्रश्न रास्त आहे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली तेव्हा तिचं इंजिन आडवं बसवलेलं होतं. आडव्या इंजिनचा पट्टा गाडीच्या बाजूला येतो आणि रेडिएटर राहतो समोर. पट्ट्याने पंखा फिरवायचा तर तो रेडिएटरसमोर येणारच नाही. म्हणून तिथे विजेचा पंखा आला, आणि हलक्या पेट्रोल गाडीला तो पुरलाही. जिथे इंजिन उभं आणि ओझं मोठं, तिथे काय झालं ते घाटातच बघा. समोरून जो ट्रक गुरगुरत चढतोय, जी एसटी नाशिकला निघाली आहे, त्यातल्या बहुतेकांचं बॉनेट उघडलंत तर पंखा इंजिनलाच जोडलेला सापडेल. नव्या ट्रकांत त्याच्या विस्कस हबला इलेक्ट्रॉनिक ताबा आला, पण ताकद इंजिनचीच राहिली. दिवसाला शेकडो किलोमीटर ओझं ओढणाऱ्या धंद्याने हा हिशेब आपल्या पैशाने करून पाहिला आहे.

पट्टा तुटला तर इंजिनवरचा पंखा बंद पडतो, हा शेवटचा मुद्दा. पण तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो आणि बहुतेक गाड्यांत डायनामोही. तो तुटला की पाणी फिरणं थांबतं. मग समोर कसलाही पंखा लावलेला असो, गाडी थांबवावीच लागते. उपाय म्हणजे पट्टा वेळेवर बदलणं आणि एक जादा पट्टा सीटखाली ठेवणं. शिवाय पट्टा जाण्याआधी किंचाळतो, चिरा दाखवतो. फ्यूज काही न सांगता जातो.

मग या गाड्या तापतात कशाने? बहुतेक वेळा पाण्याने. ज्या शहापूर तालुक्यातून भातसा आणि तानसा मुंबईला पाणी पाजतात, तिथल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. माणसांना प्यायला जिथे पुरत नाही तिथे गाडीच्या रेडिएटरला चांगलं पाणी कोण ठेवणार? बोअरचं, हापशाचं, मिळेल ते ओतलं जातं. कातळातल्या त्या जड पाण्याचा थर वर्षानुवर्षं नळ्यांत आतून बसतो आणि बाहेरून रेडिएटर चकचकीत दिसतो. कुलंट फक्त हिवाळ्यासाठी असतं असा एक समज आहे. आपल्याकडे त्याचा उपयोग गंज आणि हा थर रोखण्यासाठी जास्त आहे. रॉडिंग करून, म्हणजे सळई घालून, नळ्या मोकळ्या केल्या तर निम्म्या गाड्यांना दुसरं काही करावं लागत नाही, असं मी ठामपणे म्हणतो.

मग कॅप. झाकणासारखी दिसणारी ही वस्तू दाब धरते म्हणून पाणी शंभराच्या वर तग धरतं: कॅपने 0.9 बार धरला तर सुमारे 118 अंशांपर्यंत. रबर कडक झालेली कॅप काहीच धरत नाही, आणि इगतपुरीच्या उंचीवर दाब नसलेलं पाणी 98 लाच उकळतं. ड्रायव्हरला दिसतं उकळणारं पाणी, तो म्हणतो पंखा कमी पडतो. गाडीला कंपनीने जितक्या दाबाची सांगितली तितक्याच दाबाची नवी कॅप घ्यावी. किंमत एका जेवणाएवढी. मग थर्मोस्टॅट, जो गाडी तापते म्हणून सर्रास काढून फेकला जातो; बऱ्याच इंजिनांत तो काढला की पाण्याचा एक वाटा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनमध्येच फिरतो. आणि श्राउड. रेडिएटर उतरवताना एकदा काढलेला तो पत्रा पुन्हा बसवायला वेळ लागतो म्हणून गॅरेजच्या मागे पडून राहतो. श्राउड नसलेला पंखा इंजिनवरचीच गरम हवा पुन्हा पुन्हा घुसळतो. पातं श्राउडच्या आत अर्धं असावं आणि कडेला बोटभर फट, यापेक्षा जास्त शास्त्र त्यात नाही. मेकॅनिकला या चार गोष्टी तपासायला सांगा आणि तो तपासताना जवळ उभे राहा.

एवढं करूनही ज्याला जॅमची भीती वाटते, त्याने इलेक्ट्रिक पंखा बसवावा, पण जादाचा म्हणून: रेडिएटरच्या पुढच्या बाजूला, लोखंडी पट्टीच्या फ्रेमवर, जाळीला न टेकवता, रिले आणि सेन्सर लावून. इंजिनवरचा पंखा जागेवर राहू द्यावा. आणि कुणी तो काढायला लावलाच, तर पंखा, हब आणि श्राउड मेकॅनिककडे सोडून येऊ नये; घरी आणून ठेवावं. हे सामान भंगारात किलोच्या भावाने जातं, आणि पुढच्या मे महिन्यात काटा लालावर गेला की त्याच मापाचा पंखा भिवंडी ते नाशिक शोधत फिरावं लागतं, गाडी दारात उभी ठेवून आणि रोजचं भाडं बुडवून.